विद्यापीठातला डेटा कामाला लावायचा तर: बिझनेस इंटेलिजन्स आणि कर्मचाऱ्यांची तयारी

एका विद्यापीठाच्या आढावा बैठकीत कुलगुरूंनी साधा प्रश्न विचारला होता, "या वर्षी आपले विद्यार्थी किती?" प्रवेश विभागाने एक आकडा सांगितला, परीक्षा विभागाने त्याहून कमी आणि लेखा विभागाने तिसराच. पुढचा पाऊण तास कोणाचा आकडा खरा यावर गेला. मी मागच्या खुर्चीवर बसून टिपणं घेत होतो. नंतर तिन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा कळलं की तिघांचंही बरोबर होतं. प्रवेश विभाग प्रवेश निश्चित झालेले सगळे मोजत होता, परीक्षा विभाग परीक्षेचा अर्ज भरलेले आणि लेखा विभाग पूर्ण शुल्क जमा झालेले.

वर्षभराने तिथे बिझनेस इंटेलिजन्सचं सॉफ्टवेअर आलं. तेच तीन आकडे आता तीन डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे आणि आलेख एकत्र दाखवणाऱ्या पडद्यांवर, दिसू लागले, कारण मधल्या काळात व्याख्या कोणी जुळवल्याच नव्हत्या आणि कर्मचाऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बिझनेस इंटेलिजन्स म्हणजे संस्थेत विखुरलेली माहिती एकत्र आणून, स्वच्छ करून, निर्णय घेणाऱ्यापुढे वेळेवर आणि समजेल अशा रूपात ठेवणं. हा शब्दप्रयोग आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्येच एका लेखात वापरला होता. १९८९ च्या सुमारास विश्लेषक हॉवर्ड ड्रेस्नर यांच्यामुळे तो आजच्या अर्थाने रूढ झाला. कल्पना जुनी आहे, साधनंही आता हाताशी आहेत. तरीही विद्यापीठांत हे काम अडतं, कारण आधी सॉफ्टवेअर घ्यायचं आणि मग कधीतरी दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकायचं, असा क्रम लागतो. माझा आग्रह असा, की दोन्ही कामं एकाच वेळी आणि एकाच प्रश्नाभोवती व्हावीत. ती कशी करायची ते खाली क्रमाने सांगतो.

१. एकच प्रश्न निवडा

"सगळ्या विभागांचा सगळा डेटा एका ठिकाणी आणू" हा संकल्प ऐकायला छान वाटतो, पण दोन वर्षांनीही हाती काही लागत नाही. चांगला प्रश्न तीन खुणांवरून ओळखता येतो. त्याचं उत्तर कोणाला तरी ठरावीक तारखेच्या आत हवं असतं. ते कळल्यावर तो माणूस काहीतरी वेगळं करू शकतो. आणि आज ते उत्तर काढायला कोणीतरी दर सत्रात चार-पाच दिवस खर्ची घालतं.

"विद्यार्थ्यांची प्रगती कशी आहे?" या प्रश्नातून काही निघत नाही. "पहिल्या सत्राच्या सहाव्या आठवड्यापर्यंत कोणते विद्यार्थी वर्गातही दिसेनात आणि ऑनलाइन अभ्यासक्रमातही लॉगिन करेनात, आणि त्यांना फोन कोण करणार?" हा प्रश्न कामाचा आहे. त्यात आठवडा ठरला आहे, यादी ठरली आहे आणि फोन करणारा माणूसही ठरणार आहे.

अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. २०१२ पासून तिथे ८०० हून अधिक धोक्याच्या खुणांच्या आधारे प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाटचालीवर रोज लक्ष ठेवलं जातं. ऐकणारे बहुधा त्या ८०० वर थबकतात. पण सूचना आल्यावर विद्यार्थ्याशी बोलायला माणूस हवा, म्हणून विद्यापीठाने त्याच वेळी शैक्षणिक सल्लागारांची संख्याही बरीच वाढवली होती. त्याआधी २०११ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली होती. अभ्यास व्यवस्थित चालू असताना केवळ थोड्या थकबाकीपायी ज्यांची नोंदणी रद्द होणार, अशा विद्यार्थ्यांना छोटी मदत द्यायची. असे विद्यार्थी शोधायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. लेखा विभागाचा तक्ता आणि निकालाचा तक्ता एकमेकांना जोडावे लागतात. तुमचा पहिला प्रश्न याच मापाचा असू द्या.

२. शब्दांचे अर्थ ठरवून लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि पुढची निम्मी भांडणं याच ठिकाणी जन्माला येतात. 'गळती' हा शब्द घ्या. एका सत्रापुरती रजा घेतलेला विद्यार्थी गळाला का? शाखा बदललेला? शुल्क भरून परीक्षेला न बसलेला? प्रत्येक विभागाचं उत्तर वेगळं असतं, आणि ते त्याच्या कामाच्या दृष्टीने बरोबरही असतं.

म्हणून एक साधा तक्ता करा. त्यात संज्ञेचं नाव, एका वाक्यात अर्थ, मोजणीची तारीख, आकडा कोणत्या प्रणालीतून येतो, काय वगळलं आहे आणि अर्थात बदल करायचा अधिकार कोणाचा, एवढे रकाने पुरतात. पहिल्या प्रश्नाला पंधरा-वीस संज्ञांहून जास्त लागत नाहीत. तिन्ही आकडे जगवायचे असतील तर त्यांना तीन नावं द्या: प्रवेशित, शुल्कपूर्ण, परीक्षार्थी. मग एकाने दुसऱ्याला खोटं ठरवायची गरज उरत नाही.

या बैठकीला विभागप्रमुखांबरोबर प्रत्यक्ष नोंदी भरणाऱ्यांना बोलावलंच पाहिजे. अशाच एका बैठकीत, सगळं ठरत आलं असताना, प्रवेश विभागातल्या एका ज्येष्ठ लिपिक बाई म्हणाल्या, "रद्द झालेला प्रवेश आम्ही काढून टाकत नाही हो. शेऱ्याच्या रकान्यात नुसता 'र' लिहितो." खोलीतल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. तोवर काढलेल्या प्रत्येक आकड्यात ते सगळे 'र' मोजले गेले होते. कोणत्याही कागदपत्रात ही गोष्ट सापडली नसती. ती फक्त त्यांच्या सवयीत होती.

३. डेटा कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा

प्रवेश, परीक्षा, लेखा, ग्रंथालय, वसतिगृह, आस्थापना आणि मूडलसारखी अध्यापन प्रणाली, एवढी ठिकाणं प्रत्येक विद्यापीठात असतात. त्याखेरीज जवळजवळ प्रत्येक टेबलावर एक खासगी एक्सेल फाइल असते. ती जपणाऱ्याला दोष देऊ नका. अधिकृत प्रणालीत जे मिळत नाही ते त्या माणसाने स्वतःच्या कष्टाने उभं केलेलं असतं. त्या फायली मागून घ्या, त्यातले रकाने वाचा. प्रणालीत काय कमी आहे याची यादी आयती मिळते.

तपासणीत चार जागा आधी बघा. पहिली, ओळख क्रमांक: तोच विद्यार्थी परीक्षेत एका क्रमांकाने आणि ग्रंथालयात दुसऱ्याने असेल तर दोन्ही जोडणारा तक्ता करावा लागतो, आणि नावावरून जोडणी केली की चुका होतातच. दुसरी, तारखा: ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे प्रणालीगणिक बदलू शकतं. तिसरी, रिकामी चौकट आणि शून्य: गैरहजर विद्यार्थ्याच्या नावापुढे शून्य गुण पडले असतील तर विषयाची सरासरी विनाकारण खाली येते. चौथी, विभागांची नावं: एकच विभाग तीन प्रकारे लिहिलेला आढळतो.

एक सल्ला मी प्रत्येकाला आवर्जून देतो. ठरलेल्या तारखांना डेटाची प्रत गोठवून ठेवा. विद्यार्थ्याने शाखा बदलली की रोजच्या कामाची प्रणाली बहुधा जुनी नोंद पुसून नवी लिहिते. त्यामुळे "गेल्या वर्षी याच दिवशी किती होते?" या प्रश्नाचं उत्तर नंतर कधीच मिळत नाही. नोंदणी संपल्याचा दिवस, सत्राचा मध्य आणि निकालाचा दिवस, अशा तीन प्रती पुरेशा आहेत. पहिल्या वर्षी त्यांचं महत्त्व जाणवणार नाही. दुसऱ्या वर्षी तुलना करायला बसाल तेव्हा जाणवेल.

त्यानंतर एकत्रित साठा, म्हणजे डेटा वेअरहाऊस. तांत्रिक चमूने पहिलं वाक्य लिहायचं ते हे: "या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय?" एक विद्यार्थी? एक विद्यार्थी आणि एक विषय? की एका विषयातला एक प्रयत्न? या क्षेत्रातले तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मोजायच्या घटना मधल्या तक्त्यात ठेवतात, आणि विद्यार्थी, विषय, तारीख, विभाग असे वर्णनाचे तक्ते त्याच्याभोवती जोडतात. तारेच्या आकारामुळे या रचनेला स्टार स्कीमा म्हणतात. विद्यापीठाच्या कामाला ती चांगली मानवते आणि तंत्रज्ञ नसलेल्यालाही समजावता येते. ओळीचा अर्थ ठरलेला नसेल तर एकच विद्यार्थी पाच विषयांमुळे पाच वेळा मोजला जातो. ताज्या डेटाचा हव्यासही सुरुवातीला नको. रात्रीतून एकदा अद्ययावत झाला तरी बहुतेक शैक्षणिक निर्णयांना पुरतो.

४. साधन निवडताना

इथे फार वेळ घालवू नका. पॉवर बीआय, टॅब्लो, क्लिक हे परवान्याचे पर्याय आहेत. मेटाबेस आणि अपाचे सुपरसेट यांच्या मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आवृत्त्या मिळतात. मुक्त स्रोत म्हणजे खर्च नाही असं नसतं, सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस लागतोच. विक्रेत्याच्या नमुना डेटावर प्रात्यक्षिक पाहू नका. तुमचाच अस्वच्छ डेटा द्या आणि तुमच्याच कर्मचाऱ्याला माऊस हातात घेऊ द्या. प्रत्येक विभागाला फक्त त्याच्याच ओळी दिसतील अशी सोय आहे का, तुमच्या लिपीतली नावं नीट दिसतात का, आणि उद्या साधन बदलायचं ठरलं तर काय काय बाहेर काढता येईल, एवढं विचारून निर्णय घ्या.

५. पहिला डॅशबोर्ड छोटा ठेवा

एका पडद्यावर चार-पाच आकडे, प्रत्येकाशेजारी तुलना, आणि खाली ज्यांच्याबाबत काही करायचं आहे त्यांची यादी. तुलनेवाचून आकडा मुका असतो: ८२ टक्के उपस्थिती चांगली की वाईट, हे गेल्या वर्षीचा याच आठवड्याचा आकडा कळल्याशिवाय सांगता येत नाही. गोल आलेखांचा मोह टाळा. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलं की समान अक्षावरची जागा माणसाचा डोळा अचूक टिपतो, कोनाचा अंदाज मात्र चुकतो. साधे आडवे पट्टे बहुतेक ठिकाणी पुरतात.

डॅशबोर्ड वाचणाऱ्या प्रत्येकाला मी एक जुनं प्रकरण सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत १९७३ साली सुमारे ४४ टक्के पुरुष अर्जदारांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. आकडा बघून भेदभावाचा निष्कर्ष कोणीही काढला असता. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल या अभ्यासकांनी विभागवार आकडे मांडले तेव्हा चित्र बदललं. स्त्रियांचे अर्ज जास्त करून अशा विभागांकडे गेले होते, जिथे जागांच्या मानाने अर्ज फार असल्याने सर्वांनाच प्रवेश मिळणं अवघड होतं. विभागांच्या पातळीवर स्त्रियांविरुद्ध सरसकट कल आढळला नाही. त्यांचा लेख १९७५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. म्हणून तुमच्या डॅशबोर्डवर प्रत्येक एकूण आकड्याखाली विभागवार फोड एका क्लिकवर उघडली पाहिजे, आणि ती उघडून पाहायची सवय कर्मचाऱ्यांना लागली पाहिजे.

६. कर्मचाऱ्यांची कौशल्यं

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. इथे काटकसर केली की आधीच्या पाचही पायऱ्यांची मेहनत वाया जाते.

सगळ्यांना एकच प्रशिक्षण देऊ नका. काहींना डॅशबोर्ड नीट वाचता आला की पुरे. काहींना स्वतःचा प्रश्न विचारून डेटा गाळता, फोडता, ताडून पाहता यायला हवा. आणि प्रत्येक मोठ्या विभागात एक-दोघांना अहवाल बांधता यायला हवेत. हे एक-दोघे आयटी कक्षातून आणू नका. विभागातल्या कामाचे खाचखळगे माहीत असलेल्यांतून निवडा. सूत्र लिहायला दोन महिन्यांत शिकता येतं. कोणता विद्यार्थी कोणत्या नियमाखाली परीक्षेला बसला, हे कळायला वर्षं जातात.

शिकवण्याची रीत अशी ठेवा. बारा आठवडे, दर आठवड्याला दोन तास, कामाच्या वेळेत. पहिले तीन आठवडे फक्त वाचन: समोरचा आकडा कोणत्या व्याख्येचा, कोणत्या तारखेचा, त्यात कोण नाही. पुढचे तीन आठवडे स्वतःच्या विभागाचा डेटा तपासून चुका शोधणं. मग चार आठवडे प्रत्येकाने स्वतःच्या कामातला एक प्रश्न घेऊन उत्तर काढायचं. शेवटचे दोन आठवडे ते उत्तर सहकाऱ्यांपुढे मांडून त्यावरून काय बदलायचं ते ठरवायचं. सराव नेहमी स्वतःच्या डेटावर असावा. कुठल्या तरी दुकानाच्या विक्रीच्या नमुना फायलीवर शिकलेलं सोमवारी टेबलावर परतल्यावर उपयोगी पडत नाही.

ते दोन तास येणार कुठून, हा प्रश्न कर्मचारी विचारतीलच, आणि तो रास्त आहे. आधीच लादलेल्या कामावर हे ओझं टाकलं तर चौथ्या आठवड्यापर्यंत वर्ग ओस पडतो. म्हणून प्रशिक्षण सुरू व्हायच्या आधी, कोणी वाचत नाही असा किमान एक नियमित अहवाल कुलसचिवांच्या सहीने बंद करा. हे काम केवळ शब्दांत महत्त्वाचं नाही, हे त्या एका परिपत्रकाने पटतं.

लोक तंत्रज्ञान कधी स्वीकारतात, यावर अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं प्रारूप आजही उपयोगी आहे. याने माझं काम सुधारेल का आणि हे वापरायला सोपं आहे का, या दोन समजुतींवर स्वीकार अवलंबून असतो. माझ्या पाहण्यात पहिली समजूत जास्त जोरकस ठरते. ज्या दिवशी कर्मचाऱ्याचं तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत होतं, त्या दिवशी अवघड बटणंही तो पाठ करतो.

आता नवोपक्रमाचं कौशल्य. हा शब्द ऐकला की कार्यशाळा आणि स्पर्धा डोळ्यांपुढे येतात. रोजच्या कामातला नवोपक्रम त्याहून साधा असतो आणि तो टप्प्याटप्प्याने घडतो. अडचण नजरेला येते, उपाय सुचतो, त्याला साथ देणारे मिळवावे लागतात आणि मग तो करून पाहावा लागतो. सुचण्यापाशी लोक क्वचितच अडतात. अडतात ते साथ मिळवण्यापाशी. म्हणून एक पानी प्रस्तावाची सोय करा. त्यात पाचच ओळी: काय अडतं, डेटा काय सांगतो, काय करून पाहायचं, किती दिवस, आणि जमलं हे कशावरून कळेल. वरिष्ठांनी दहा दिवसांत उत्तर द्यायचं, आणि नकार असेल तर कारण लिहायचं. तीस दिवसांच्या आतल्या आणि खर्च न लागणाऱ्या प्रयोगाला विभागप्रमुखाची संमती पुरेशी धरा.

एका परीक्षा विभागातल्या तरुण सहायकाने याच वाटेने काम केलं होतं. गुणपत्रिका दुरुस्तीचे अर्ज मोजताना त्याला दिसलं की बहुतेक अर्ज नावाच्या स्पेलिंगचे आहेत. त्याने सुचवलं की परीक्षेचा अर्ज भरतानाच विद्यार्थ्याला गुणपत्रिकेवर छापलं जाणारं नाव मोठ्या अक्षरात दाखवावं आणि बरोबर असल्याची खूण घ्यावी. एका विद्याशाखेत ते करून पाहिलं, दुरुस्तीचे अर्ज ठळकपणे घटले, आणि पुढच्या सत्रात ते सगळीकडे लागू झालं. परिपत्रकात त्याचं नाव होतं. पुढच्या तुकडीत प्रशिक्षणाला स्वतःहून नावं देणारे आले ते हेच परिपत्रक वाचून.

आणखी एक अट आहे, तिच्यावाचून बाकीचं टिकत नाही. वाईट आकडा समोर आणणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये संघांच्या मानसिक सुरक्षिततेवर केलेल्या अभ्यासात, चूक बोलून दाखवायची भीती नसलेले संघ अधिक शिकतात असं आढळलं. विद्यापीठात याचा अर्थ असा: एखाद्या विभागाचा निकाल डॅशबोर्डवर खाली दिसला तर बैठकीतला पहिला प्रश्न "जबाबदार कोण?" असा नसावा, "डेटा बरोबर आहे का, आणि असेल तर तुम्हाला काय मदत लागेल?" असा असावा. एकदा जरी आकड्यावरून कोणाचा सर्वांसमोर पाणउतारा झाला, तर पुढच्या महिन्यापासून नोंदी 'जुळवून' येऊ लागतात, आणि ते ओळखणं फार कठीण असतं.

७. विद्यार्थ्यांच्या माहितीची जबाबदारी

हा डेटा विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांचा डेटा नैतिक रीतीने वापरण्याबाबत स्वतंत्र धोरण काढलं आणि तिथल्याच उच्च शिक्षणाला डिजिटल सेवा देणाऱ्या जिस्क या संस्थेने २०१५ मध्ये आचारसंहिता दिली. दोन्ही वाचून स्वतःचं दोन पानांचं धोरण करा. कोणता डेटा कशासाठी वापरतो, कोण पाहू शकतं, किती काळ ठेवतो, आणि विद्यार्थ्याला स्वतःबद्दलची नोंद चुकीची वाटली तर कुठे जायचं, हे त्यात असावं. तुमच्या देशातल्या डेटा संरक्षण कायद्याशी ते ताडून घ्या.

व्यवहारात दोन गोष्टी हमखास निसटतात. गट फार लहान असेल, समजा चार-पाच जणांचा, तर त्याचा आकडा झाकावा. नाहीतर नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. आणि 'धोक्यातला विद्यार्थी' हा शिक्का शिक्षकांच्या यादीत फिरू देऊ नका. सल्लागाराला कारण दिसावं: तीन आठवडे अनुपस्थित, दोन स्वाध्याय बाकी. कारणावरून संवाद सुरू होतो, शिक्क्यावरून समजूत पक्की होते.

८. उपयोग झाला का, हे कसं तपासायचं

डॅशबोर्ड किती जणांनी उघडला, ही मोजणी फसवी आहे. निर्णयांची वही ठेवा: तारीख, आकडा, त्यावरून काय बदललं, तीन महिन्यांनी काय झालं. सत्राअखेर वहीत पाच-सहा खऱ्या नोंदी असतील तर काम रुळावर आहे.

परिणामाचा दावा करताना घाई नको. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची कोर्स सिग्नल्स ही प्रणाली लाल, पिवळ्या, हिरव्या दिव्यांनी विद्यार्थ्यांना वेळीच इशारा द्यायची. ती वापरणारे अभ्यासक्रम ज्यांनी जास्त घेतले ते विद्यार्थी विद्यापीठात जास्त टिकले, असं सांगितलं गेलं. २०१३ मध्ये अभ्यासकांनी शंका काढली की कार्यकारणभाव उलटा असू शकतो: जो विद्यार्थी जास्त सत्रं टिकतो, त्याच्या वाट्याला असे अभ्यासक्रमही जास्त येतात. म्हणून नवा उपाय शक्यतो आधी काही विभागांत करा, बाकीच्यांत नंतर, आणि दोन्हींची त्याच काळातली तुलना ठेवा.

वर्षातून एकदा सगळे डॅशबोर्ड समोर घ्या. ज्याच्यावरून सहा महिन्यांत एकही निर्णय झाला नाही, त्याच्या मालकाला विचारा आणि बंद करा. व्याख्यांचा तक्ताही त्याच बैठकीत उघडा, बदललेल्या नियमांप्रमाणे अर्थ सुधारा आणि बदलाची तारीख लिहा. मग दुसरा प्रश्न हाती घ्या. या वेळी तो वरून येऊ देऊ नका. पहिल्या तुकडीत शिकलेल्यांकडून मागवा.